टिमकीचा वाल आणि सरकता जिना

यमुनाकाकीच्या गोठ्यामागे एक दगडी बांध होता. बांधात एक भोक होतं. भोकात एक घर होतं. आणि घरात कोण राहायचं? चिचुंद्र्या!

एक आजी. एक बाबा. एक आई. एक दादा. आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत लहान, टिमकी.

टिमकी केवढी? तुमच्या अंगठ्याएवढी. आणि तिचं नाक केवढं? जवळजवळ तेवढंच! चिचुंद्र्यांच्या अंगाला जरा वासही येतो. जराच हं. त्यांना तो छान वाटतो.

एकदा काय झालं, बाबा बाहेरून पळत आले. म्हणाले, "ऐका, ऐका! यमुनाकाकी उद्या मुंबईला चालली. पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन चालली. आपणही जाऊ!"

कसं जायचं? टोपलीत कांदे. कांद्यांखाली चिचुंद्र्या. टोपली लाँचमध्ये. लाँच समुद्रात. भुक भुक भुक भुक, आली मुंबई!

"मुंबईत काय काय बघायचं?" दादाने विचारलं.

बाबांना तर काय, सगळंच बघायचं होतं. "बाग बघू! पूल बघू! मनोरे बघू! बंदर बघू! बाजार बघू! मग परत बाग बघू!"

आई म्हणाली, "अहो, पिल्लं आहेत बरोबर. पिल्लांना भूक लागते. पिल्लांना शू लागते. पिल्लांचे पाय दुखतात. मग कडेवर कोण घेणार? तुम्ही?"

बाबा मिशा खाजवू लागले.

आई म्हणाली, "आपल्या रीतीने ठरवू. आणा वाल!"

चिचुंद्र्यांची रीत मोठी छान आहे. ज्याने त्याने एक वाल आणायचा. तोंडात धरून आणायचा. करवंटीत टाकायचा, टप्! मग तोंड उघडायचं आणि आपलं ठिकाण सांगायचं. जितके वाल, तितकी ठिकाणं. काकीच्या घरी दिवा लागला की करवंटीवर झाकण. झाकण पडलं की बेत पक्का. मग कोणी कितीही रडलं तरी बदलायचा नाही.

आजी आली. टप्! "देवीचं देऊळ."

बाबा आले. टप्! "बाग." आणि हळूच म्हणाले, "आणि पूल." आई म्हणाली, "अहो!" बाबा म्हणाले, "बरं, नुसती बाग."

आई आली. टप्! "समुद्रावरचा वारा. आणि तिथे पंधरा मिनिटं कोणी मला हाक मारायची नाही."

दादा आला. टप्! "दुमजली बस. वरचा मजला. पुढची जागा."

मग आली टिमकीची पाळी. टिमकीने तोंडात वाल धरला. टिमकीचं ठिकाण कधीच ठरलं होतं. मामाने तिला सांगितलं होतं, मुंबईत एक सरकता जिना आहे. पायऱ्या आपल्या आपण वर जातात. आपण नुसतं उभं राहायचं!

टिमकीचे पाय होते एवढेसे. सगळे एक पाऊल टाकत, तेव्हा टिमकी दहा टाकायची. तरी ती मागेच. "टिमके, चल. टिमके, लवकर. टिमके, राहिलीस का?" दिवसभर हेच. सरकत्या जिन्यावर मात्र कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. सगळे एकदमच वर! म्हणून टिमकीला तो जिना हवा होता. फार फार हवा होता.

इतका हवा होता, की तिला धीरच निघेना. वाल टाकायच्या आधीच तिने तोंड उघडलं.

"सरकता जिना!"

आणि तोंडातला वाल पडला.

करवंटीत नाही पडला. बाहेर पडला! टप्! टुण्! टुण्! घरंगळ घरंगळ घरंगळ! भोकातून बाहेर, बांधावरून खाली, गोठ्याच्या कोपऱ्यात. तिथे एका फुटक्या पाटीत कोंबडी बसली होती. वाल गेला थेट कोंबडीखाली!

"आई, माझा वाल!" टिमकी म्हणाली.

आई म्हणाली, "जा सोन्या, तोच घेऊन ये. दुसरा चालत नाही. पण दिवा लागायच्या आत हं. रीत ती रीत."

टिमकीने बाहेर पाहिलं. सूर्य नारळाच्या शेंड्यावर होता. टिमकी निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू, लुटूलुटू.

आली कोंबडीपाशी.

"कोंबडीमावशी, कोंबडीमावशी, ऊठ ना गं!
वाल बसला तुझ्याखाली,
आणि वालावाचून
माझा जिना राहतोय गं!"

कोंबडी म्हणाली, "क्वाक्! मी नाही उठणार. मी उठले तर माझी अंडी गार होतील. ऊन ऊन पेंढा आण. अंड्यांवर पांघर. मग उठेन."

"पेंढा कुठे आहे?"

"म्हशीच्या बुडाखाली. जा तिकडे. क्वाक्!"

टिमकी निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू, लुटूलुटू.

आली म्हशीपाशी. म्हैस केवढी मोठी! टिमकीला आधी वाटलं, डोंगरच आहे. मग डोंगराने शेपूट हलवली.

"म्हैसआत्या, म्हैसआत्या, सरक ना गं!
वाल बसला कोंबडीखाली.
कोंबडी उठेना पेंढ्यावाचून,
आणि वालावाचून
माझा जिना राहतोय गं!"

म्हैस रवंथ करत होती. चव् चव् चव्. तिने एक डोळा उघडला. तो मिटला. मग दुसरा उघडला. म्हशीला कसली घाई!

"हम्मा! मी नाही सरकणार. माझ्या पाठीवर गोचीड बसलेत. हलले की चावतात. बगळा येऊ दे. गोचीड वेचू दे. मग सरकेन."

"बगळा कुठे आहे?"

"कांद्याच्या वाफ्यात. जा तिकडे. चव् चव् चव्."

टिमकीने वर पाहिलं. सूर्य शेंड्याच्या खाली आला होता. टिमकी निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू, लुटूलुटू.

आली बगळ्यापाशी. बगळा एका पायावर उभा होता. दुसरा पाय त्याने पोटात लपवला होता.

"बगळेकाका, बगळेकाका, चला ना हो!
वाल बसला कोंबडीखाली.
कोंबडी उठेना पेंढ्यावाचून,
म्हैस सरकेना बगळ्यावाचून,
आणि वालावाचून
माझा जिना राहतोय हो!"

बगळा म्हणाला, "मी नाही येणार. माझ्या पोटात कावळे ओरडतायत."

टिमकीने कान देऊन ऐकलं. "मला नाही ऐकू येत."

"अगं वेडे, भूक लागलीय मला! वाफा कोरडा. किडे खोल. काकी पाटाचं पाणी सोडेल, तर किडे वर येतील. मी खाईन. पोटात दोन घास गेले की येईन."

"काकी कुठे आहे?"

"चिंचेखाली. जा तिकडे." आणि बगळ्याने पाय बदलला.

टिमकी निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू, लुटूलुटू. मध्ये कांद्याची पात. पातीत टिमकी दिसेचना. नुसती पात हलत होती. सळ् सळ् सळ्.

आली यमुनाकाकीपाशी. चिंचेच्या फांदीला एक झोळी बांधली होती. झोळीत काकीचं बाळ होतं. बाळ रडत होतं.

"ट्यँहँ! ट्यँहँ! ट्यँहँ!"

काकीच्या एका हातात झोळीची दोरी, दुसऱ्या हातात फावडं. फावडं नुसतंच धरलेलं. कपाळावर घाम. टिमकी काकीच्या पायाशी उभी राहिली.

"यमुनाकाकी, यमुनाकाकी, पाणी सोड ना गं!
वाल बसला कोंबडीखाली.
कोंबडी उठेना पेंढ्यावाचून,
म्हैस सरकेना बगळ्यावाचून,
बगळा येईना पाण्यावाचून,
आणि वालावाचून
माझा जिना राहतोय गं!"

काकीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "अगो बाय! तू होय? एवढुशी ती काय नि आवाज केवढा!"

"पाणी सोड ना गं, काकी."

"कशी सोडू गो? हे पोर बघ ना! खाऊ दिला, तरी रडतंय. पाणी दिलं, तरी रडतंय. झोका देऊन देऊन हात मोडून आले माझे. दोरी सोडली की आणखी रडतं. पोर निजलं की सोडीन पाणी. त्याच्याआधी नाय."

"ट्यँहँ! ट्यँहँ! ट्यँहँ!"

सूर्य नारळाच्या खोडाच्या मध्यावर आला होता. काकीची सासू घरात दिव्याची काच पुसत होती. टिमकीला ते दिसलं. आता रडू येणार, येणार, असं वाटलं. पण एक जण आधीच रडत होतं. दोघं रडून काय उपयोग?

टिमकी चढली झोळीवर. खरखर, खरखर. वर आली. आत वाकून पाहिलं. बाळाचं नाक लाल. बाळाचे गाल ओले.

"बाळा, बाळा, नीज ना रे!
वाल बसला कोंबडीखाली.
कोंबडी उठेना पेंढ्यावाचून,
म्हैस सरकेना बगळ्यावाचून,
बगळा येईना पाण्यावाचून,
पाणी सुटेना निजेवाचून,
आणि वालावाचून
माझा जिना राहतोय रे!"

बाळ काय म्हणालं?

"ट्यँहँ!"

बाळाला बोलता येत नव्हतं. बाळाला जिना म्हणजे काय, ते तरी कुठे माहीत होतं? टिमकी म्हणाली, "तुला जिना माहीत नाही? थांब, दाखवते."

टिमकी झोळीच्या कापडावर उभी राहिली. अगदी ताठ. काकीने झोका दिला, तशी झोळी वर गेली. झोळीबरोबर टिमकीही वर गेली!

"वर… वर… वर… वर…"

झोळी खाली आली. टिमकीचा पाय सुटला.

"सुर्र्र्र्र्र्!"

टिमकी घसरत आली आणि बाळाच्या पोटावर आपटली. धप्!

बाळ थांबलं. "हँ?" म्हणालं.

टिमकी परत चढली.

"वर… वर… वर… वर… सुर्र्र्र्र्र्! धप्!"

बाळाचा एक गाल हसला.

टिमकी परत चढली.

"वर… वर… वर… वर… सुर्र्र्र्र्र्! धप्!"

आता टिमकीच्या मिशा बाळाच्या तळपायाला लागल्या. गुदुगुदु गुदुगुदु! बाळ हसलं. खुदूखुदू, खुदूखुदू, खुदूखुदू! हसून हसून दमलं. मग बाळाने जांभई दिली. आऽऽऽ. टिमकीलाही जांभई आली. आऽ. पण टिमकी निजली नाही हं. बाळ निजलं.

मग काय झालं?

बाळ निजलं. काकीने दोरी सोडली. फावडं उचललं. एक फावडं, दोन फावडी, पाटाचं दार मोकळं! पाणी सुटलं खळखळ, खळखळ.

पाणी आलं वाफ्यात. किडे आले वर. बगळ्याने खाल्ले. टच् टच् टच्! पोटातले कावळे उडाले. बगळा म्हणाला, "चला!"

बगळा आला म्हशीकडे. पाठीवर बसला. गोचीड वेचले. टिप् टिप् टिप्! म्हैस म्हणाली, "हम्मा! काय बरं वाटलं गं बाई!"

म्हैस उठली. आधी मागचे पाय. मग पुढचे पाय. म्हशीला कसली घाई! पण उठली. खाली होता पेंढा. ऊन ऊन, मऊ मऊ पेंढा.

टिमकीने पेंढा ओढला. एक काडी. दोन काड्या. टिमकीचं तोंड ते केवढं, त्यात काड्या मावणार किती! म्हैस म्हणाली, "थांब गं, दमशील." तिने तोंडभर पेंढा उचलला आणि पाटीपाशी टाकला. फस्स्!

कोंबडी उठली. अंड्यांवर पेंढा पांघरला. आणि खाली काय होतं?

वाल!

टिमकीने वाल तोंडात धरला. घट्ट धरला. आणि निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू, लुटूलुटू.

कोंबडी म्हणाली, "क्वाक्! मिळाला का गं?"

टिमकीने तोंड उघडलं का? नाही!

"हूं," टिमकी म्हणाली.

म्हैस म्हणाली, "हम्मा! तुझाच आहे ना गं?"

"हूं."

बगळा म्हणाला, "आता चाललीस कुठे?"

याला काय सांगायचं? टिमकीने नाकाने घर दाखवलं. "हूं, हूं!"

सूर्य नारळाच्या बुंध्याशी टेकला. काकीच्या सासूने दिव्याची काच बसवली. आता काडीपेटी शोधत होती. लुटूलुटू लुटूलुटू लुटूलुटू लुटूलुटू!

बांधाशी दादा उभा होता. दादा फार बोलतो. "मिळाला? कुठे होता? कोणी दिला? इतका वेळ काय करत होतीस? काही खाल्लंस का? मला आणलंस का?"

किती किती सांगायचं होतं टिमकीला! म्हशीचं सांगायचं होतं. कावळ्यांचं सांगायचं होतं. बाळाचं तर सांगायचंच होतं. सगळं अगदी ओठांवर आलं होतं. पण ओठांत वाल होता. टिमकीने डोळे मिटले. ओठ आणखी घट्ट केले.

"हूं. हूं. हूं. हूं. हूं. हूं!"

टिमकी घरात शिरली. आईच्या हातात झाकण होतं. आई दाराकडेच बघत होती. आजी, बाबा, सगळे दाराकडे बघत होते. टिमकी आली करवंटीपाशी. वाकली.

टप्!

वाल करवंटीत पडला. आणि मग, आणि मगच, टिमकीने तोंड उघडलं.

"सरकता जिना!"

बाहेर दिवा लागला. आईने झाकण ठेवलं. "झाला बेत पक्का," आई म्हणाली. मग तिने टिमकीला जवळ घेतलं आणि तिच्या लांब नाकाचा पापा घेतला. टिमकी इतकी दमली होती, की गोष्ट सांगता सांगताच निजली. दादाला फक्त म्हशीपर्यंतच ऐकायला मिळाली.

दुसऱ्या दिवशी काय झालं? टोपलीत कांदे. कांद्यांखाली चिचुंद्र्या. भुक भुक भुक भुक, आली मुंबई!

आजीने देवीचं देऊळ पाहिलं. नारळाचा तुकडाही मिळाला. बाबांनी बाग पाहिली. झाडांची नावं सांगितली. कोणी ऐकली नाहीत, तरी सांगितली. दादाने दुमजली बस पाहिली. वरचा मजला, पुढची जागा! आईने समुद्रावरचा वारा खाल्ला. पंधरा मिनिटं झाली नाहीत तोच दादा म्हणाला, "आई, शू." पण थोडा वारा मिळाला.

आणि मग आला टिमकीचा जिना.

केवढा मोठा! केवढा चकचकीत! घर्र्र्र्, घर्र्र्र्. पायऱ्या जमिनीतून निघत होत्या आणि वर जात होत्या. आपल्या आपण!

आजी म्हणाली, "मला नाही बाई जमणार. मी खालीच बसते."

टिमकी म्हणाली, "आजी, चालायचं नाही. नुसतं उभं राहायचं. माझ्याशेजारी राहा."

आजीचेही पाय दुखत होते. म्हातारे पाय ते. आजी उभी राहिली. आजीशेजारी टिमकी. टिमकीशेजारी दादा. मग आई. मग बाबा. एकाच पायरीवर पाचही जण.

वर… वर… वर… वर…

कोणी पुढे नाही. कोणी मागे नाही. "टिमके, चल" नाही. "टिमके, लवकर" नाही. टिमकीने एका बाजूला पाहिलं, दादा तिथेच. दुसऱ्या बाजूला पाहिलं, आजी तिथेच. टिमकी हलली नाही. टिमकी बोलली नाही. टिमकीला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की तिची शेपटी आपोआप गोल झाली.

जिना संपला. सगळे वर पोचले. एकदमच पोचले!

बाबा म्हणाले, "चला, आता घरी."

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "पुन्हा!"

सगळ्यांनी टिमकीकडे पाहिलं. पण टिमकी तर काहीच बोलली नव्हती.

"पुन्हा!" आजी म्हणाली. "पुन्हा, पुन्हा, पुन्हा!"

गोष्टीने चढला जिना,
आता पिल्लांनो, निजा ना!